रुमेटॉइड संधिवातात मानेच्या मणक्यांची तपासणी : बदलत्या मोजमापाचा इतिहास

प्रस्तावना

रुमेटॉइड संधिवात हा हातापायांच्या लहान सांध्यांचा आजार आहे, अशी समजूत सर्वसामान्यांत तर आहेच; वैद्यकशास्त्रातही ती दीर्घकाळ रूढ होती. सुजलेली पेरे, सकाळी उठल्यावर न वळणारी मूठ आणि वर्षानुवर्षांच्या दाहाने करंगळीच्या दिशेने झुकलेली बोटे, हे या आजाराचे पाठ्यपुस्तकी चित्र होय. या चित्रात मानेला स्थान नाही. वास्तविक हात आणि पाय यांच्या खालोखाल या रोगाची झळ मानेच्या मणक्यांना पोहोचते. बोटे वाकडी झाल्याने माणूस परावलंबी होतो. मानेचा वरचा सांधा निखळल्यास चारही अवयव लुळे पडू शकतात, आणि क्वचित काही क्षणांत मृत्यूही ओढवतो. असे असूनही मानेची पद्धतशीर तपासणी कशी करावी, हे ठरण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

निदानशास्त्राचा इतिहास बहुधा उपकरणांच्या क्रमाने सांगितला जातो. प्रथम वैद्याचे डोळे आणि बोटे, मग क्ष-किरण, मग सीटी स्कॅन, मग एमआरआय. प्रत्येक यंत्राने आधीचा अंधार थोडा दूर केला, असा त्या मांडणीचा सूर असतो. मानेच्या बाबतीत ही मांडणी पुरेशी ठरत नाही. क्ष-किरण हाती असतानाही अर्धशतकाहून अधिक काळ रुमेटॉइड रुग्णाची मान दुर्लक्षित राहिली. ती पाहू लागल्यावरही आणखी तीस वर्षे जे मोजले गेले, ते रुग्णाच्या भवितव्याविषयी फारसे काही सांगणारे नव्हते. यंत्र होते, मोजपट्टी होती. नेमके काय मोजायचे हा प्रश्न मात्र सुटलेला नव्हता. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

रचना आणि धोका

पुढील विवेचन समजण्यासाठी मानेच्या वरच्या टोकाची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. कवटीचा भार पेलणारा पहिला मणका म्हणजे ॲटलास. तो कड्यासारखा आहे. त्याखालच्या दुसऱ्या मणक्यातून, म्हणजे ॲक्सिसमधून, दाताच्या आकाराचा एक सुळका वर निघतो आणि ॲटलासच्या कड्यात पुढच्या बाजूला बसतो. या सुळक्याला दंतप्रवर्ध म्हणतात. त्याच्या मागून आडवा अस्थिबंध ताणलेला असतो आणि तो दंतप्रवर्धाला जागेवर धरून ठेवतो. अस्थिबंधाच्या मागे मज्जारज्जू. मान डावी-उजवीकडे वळवण्याची सुमारे निम्मी हालचाल याच एका सांध्यात होते.

मणक्यांमध्ये एरवी असणारी चकती कवटी, ॲटलास आणि ॲक्सिस यांच्या दरम्यान नसते. तेथे सायनोव्हियम नावाच्या अस्तराचे सांधे असतात, आणि रुमेटॉइड संधिवाताचा हल्ला मुळात याच अस्तरावर असतो. दाहाने ते जाड होते, पॅनस नावाच्या मांसल थरात रूपांतरित होते, आणि हा थर अस्थिबंध सैल करतो व हाड कुरतडतो. त्यातून तीन प्रकारचे बिघाड संभवतात. अस्थिबंध सैल पडल्यास मान पुढे वाकवताना ॲटलास पुढे सरकतो व मज्जारज्जू दंतप्रवर्ध आणि ॲटलासची मागची कमान यांच्या कात्रीत सापडतो. दोन्ही बाजूंचे सांधे झिजून बसल्यास कवटी आणि ॲटलास खाली उतरतात आणि दंतप्रवर्ध कवटीच्या तळाच्या छिद्रातून वर, मेंदूच्या बुडाकडे घुसू लागतो. तिसरा बिघाड खालच्या मणक्यांचा. तेथे एकाखाली एक मणके थोडेथोडे सरकून जिन्याच्या पायऱ्यांसारखा आकार दिसतो.

नाव आणि पहिली गणना

या रोगाचे पहिले स्पष्ट वर्णन पॅरिसमधील ऑगस्टीन लाँद्रे-बोव्हे याच्या १८०० मधील प्रबंधात आढळते, असे सामान्यतः मानले जाते. त्याने सालपेत्रिएर रुग्णालयातील नऊ स्त्रियांचा अभ्यास केला होता आणि रोगाला तो गाऊटचाच एक प्रकार समजत होता. गाऊटपासून हा रोग वेगळा काढण्याचे श्रेय लंडनच्या आल्फ्रेड बेरिंग गॅरॉड यांचे. गाऊटच्या रुग्णाच्या रक्तात युरिक आम्ल वाढलेले असते, हे त्यांनी १८४८ मध्ये दाखवले आणि १८५९ च्या ग्रंथात 'रुमेटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव सुचवले. मराठीत या रोगाला 'आमवात' म्हणण्याचा प्रघात आहे. माधवनिदानातील आमवाताचे वर्णन वाचताना साम्य जाणवते यात शंका नाही. पण प्राचीन संज्ञा आणि आधुनिक व्याधी एकच आहेत असे गृहीत धरणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने धोक्याचे आहे. म्हणून प्रस्तुत लेखात तो शब्द टाळला आहे.

मानेचा उल्लेख आल्फ्रेड गॅरॉड यांच्यापेक्षा त्यांच्या पुत्राच्या लेखनात ठळकपणे येतो. आर्चिबाल्ड गॅरॉड हे पुढे जन्मजात चयापचय-दोषांच्या संशोधनासाठी जगप्रसिद्ध झाले. त्यामुळे त्यांचा १८९० मधील संधिवातावरील ग्रंथ काहीसा झाकोळला गेला. त्या ग्रंथात ५०० रुग्णांपैकी १७८ जणांची मान बाधित असल्याची नोंद आहे. म्हणजे शंभरातील सुमारे छत्तीस. क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी पाच वर्षे, केवळ रुग्णाला विचारून आणि मान हाताने हलवून पाहून केलेली ही गणना आहे.

या आकड्याकडे आदराने आणि सावधपणेही पाहिले पाहिजे. पाठीचा कणा ताठ करणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हा रोग तेव्हा स्वतंत्रपणे ओळखला जात नव्हता. बेख्तेरेव्ह, स्ट्रुम्पेल आणि मारी यांची वर्णने १८९० च्या दशकातच, पण या ग्रंथानंतर आली. वयोमानाने होणारी मणक्यांची झीजही त्या १७८ मध्ये मिसळलेली असणे शक्य आहे. तरीही मान हा या रोगाचा नित्याचा भाग आहे, ही गोष्ट १८९० मध्ये छापील स्वरूपात उपलब्ध होती. ती पुढे विसरली का गेली, हाच खरा प्रश्न आहे.

यंत्र होते, प्रश्न नव्हता

नोव्हेंबर १८९५ मध्ये विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि पुढच्याच वर्षी रुग्णालयांत हाडांची चित्रे घेतली जाऊ लागली. रुमेटॉइड रुग्णाच्या हाताची चित्रेही लवकरच निघाली. मात्र मानेचा वरचा सांधा निखळून मज्जारज्जू चिरडला गेल्याचा व त्याने मृत्यू ओढवल्याचा रुमेटॉइड संधिवातातील पहिला सविस्तर वृत्तांत डेव्हिस आणि मार्कली या अमेरिकी डॉक्टरांनी प्रसिद्ध केला तो १९५१ मध्ये. राँटगेन आणि हा वृत्तांत यांच्यात छप्पन्न वर्षांचे अंतर आहे.

ॲटलास निखळू शकतो हेच माहीत नव्हते, असे मात्र नाही. चार्ल्स बेल यांनी १८३० मध्येच घशातील व्रणामुळे आडवा अस्थिबंध नष्ट होऊन मृत्यू पावलेल्या रुग्णाचे वर्णन केले होते. घशाच्या संसर्गानंतर मुलांची मान तिरकी होऊन ॲटलास सरकतो, हे फ्रान्समधील पिएर ग्रिझेल यांनी १९३० मध्ये मांडले. क्षयरोगातही असे घडते हे ठाऊक होते. म्हणजे ॲटलास सरकणे हे जवळच्या संसर्गाचे लक्षण समजले गेले. सांध्यांच्या सर्वांगीण आजारात ते आपोआप घडू शकते, ही जोडणी कोणी केली नाही.

याचे एक कारण रोगांच्या वर्गीकरणात सापडते. अमेरिकेत अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसला दीर्घकाळ 'रुमेटॉइड स्पाँडिलायटिस' म्हटले जाई आणि तो रुमेटॉइड संधिवाताचाच कण्यातील अवतार मानला जाई. परिणामी ज्याचा कणा बाधित तो एका कप्प्यात आणि ज्याचे हात बाधित तो दुसऱ्या कप्प्यात, अशी विभागणी झाली. हातांच्या रुग्णाच्या कण्याकडे पाहण्याचे कारणच उरले नाही. एरिक वालर यांनी १९४० मध्ये आणि हॅरी रोज यांनी १९४८ मध्ये वर्णिलेल्या रुमेटॉइड फॅक्टरच्या रक्तचाचणीने दोन्ही रोग वेगळे करण्यास आधार मिळाला. अमेरिकन रुमॅटिझम असोसिएशनने जुने नाव अधिकृतपणे सोडले ते १९६३ मध्ये. रुमेटॉइड मानेविषयीचे संशोधन नेमके याच काळात बहरावे, हा योगायोग मानणे कठीण आहे.

दुसरे कारण अगदी साधे आहे. मानेचे बाजूने चित्र घेताना रुग्ण मान सरळ ठेवतो, आणि मान सरळ किंवा किंचित मागे असताना सैल ॲटलास पुष्कळदा आपल्या जागी परततो. मान पुढे वाकवल्याशिवाय तो सरकलेला दिसत नाही. छायाचित्रकार जसा माणसाला ताठ बसवतो तसाच तंत्रज्ञ रुग्णाला बसवत होता, आणि त्या शिस्तीत दोष लपत होता.

मान वाकवून घेतलेले चित्र

१९६० चे दशक हे या विषयातील मोजणीचे दशक म्हणता येईल. इंग्लंडमधील शार्प आणि पर्सर यांनी १९६१ मध्ये अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस व रुमेटॉइड संधिवात या दोहोंत ॲटलास आपोआप निखळण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत जॉन ब्लँड आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये रुमेटॉइड मानेचे वर्णन केले. न्यूझीलंडच्या रोटोरुआ येथे कॉनलन, इस्डेल आणि रोज यांनी ३३३ रुग्णांच्या मानेचा तपशीलवार आढावा १९६६ मध्ये मांडला. रोटोरुआ हे उष्ण झऱ्यांचे गाव; संधिवाताचे रुग्ण तेथे उपचारासाठी वर्षानुवर्षे येत. मोठ्या विद्यापीठांच्या शहरांपासून दूर असलेल्या ठिकाणी एवढी मोठी गणना व्हावी, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. अशा कामाला दुर्मीळ यंत्रापेक्षा पुन्हा पुन्हा येणारा रुग्ण अधिक आवश्यक असतो.

या सर्व अभ्यासांचे मुख्य माप एकच होते : ॲटलासच्या पुढच्या कमानीचा मागचा पृष्ठभाग आणि दंतप्रवर्धाचा पुढचा पृष्ठभाग यांतील अंतर. प्रौढांमध्ये ते ३ मिलिमीटरपर्यंत स्वाभाविक मानले जाते. मान वाकवल्यावर ते त्याहून वाढले, तर ॲटलास सरकला असे समजावे. माप सोपे, साध्या क्ष-किरणावर घेता येणारे. त्याने रुमेटॉइड मान पहिल्यांदाच दृश्यमान केली, हे त्याचे यश निर्विवाद आहे.

मात्र या मापाने एक कोडेही उभे केले. ज्यांचा ॲटलास सरकला होता असे रुग्ण मोठ्या संख्येने सापडू लागले; पण त्यांतील बहुतेकांचे हातपाय शाबूत होते. लंडनमध्ये मॅथ्यूज यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा करून १९७४ मध्ये निष्कर्ष मांडले. स्मिथ, बेन आणि शार्प यांनी १९७२ मध्ये अशा मानांचा नैसर्गिक क्रम अभ्यासला. या पाठपुराव्यांतून असे दिसू लागले की, सरकलेला ॲटलास बाळगूनही अनेक जण वर्षानुवर्षे फारशी नवी तक्रार न होता जगतात. मानदुखीची तीव्रता आणि चित्रातील बिघाड यांचाही मेळ बसत नव्हता. काही चिकित्सकांनी यातून असा अर्थ काढला की, हा बिघाड चित्रापुरताच भयंकर आहे.

स्वीडनमधील माल्मो येथील मिकुलोव्स्की आणि सहकाऱ्यांचा १९७५ मधील अभ्यास या समजुतीला छेद देतो. रुमेटॉइड संधिवात असलेल्या १०४ मृत व्यक्तींच्या शवविच्छेदनांत त्यांना ११ जणांमध्ये ॲटलास गंभीररीत्या निखळून मज्जारज्जूवर दाब आल्याचे आढळले. त्यांतील ७ जणांचा मृत्यू आकस्मिक होता. जिवंत रुग्णांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात आकस्मिक मृत्यू पावलेला रुग्ण बहुधा 'इतर कारणाने मृत' किंवा 'पाठपुराव्यातून गळालेला' म्हणून नोंदला जातो. दोन प्रकारच्या पुराव्यांतील ही विसंगती आकड्यांच्या चुकीची नसून कोणाला मोजले जाते याची आहे, असे म्हणावे लागते.

खाली बसणारी कवटी

पुढे सरकणाऱ्या ॲटलासपेक्षा खाली बसणारी कवटी अधिक घातक असते, ही जाणीव १९७० च्या दशकात पक्की होत गेली. तिचे मोजमाप मात्र फार अवघड ठरले. कवटीच्या तळाच्या जन्मजात विकृतींसाठी चेंबरलेन यांनी १९३९ मध्ये आणि मॅकग्रेगर यांनी १९४८ मध्ये रेषा आखल्या होत्या. टाळूच्या मागच्या कडेपासून कवटीच्या मागच्या भागापर्यंत रेषा ओढायची आणि दंतप्रवर्धाचे टोक तिच्या किती वर गेले ते पाहायचे. मॅकग्रेगर यांच्या रेषेसाठी ४.५ मिलिमीटरची मर्यादा रूढ झाली.

उसनवार घेतलेल्या या रेषांत एक मूलभूत अडचण होती. रुमेटॉइड संधिवातात दंतप्रवर्धाचे टोकच कुरतडले जाते. ज्या टोकापासून मोजायचे तेच नाहीसे झालेले असते. चित्रात ते दिसलेच तर कवटीच्या इतर हाडांत मिसळून जाते. म्हणून टोकाला वगळून मोजण्याच्या युक्त्या शोधल्या गेल्या. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमधील चित्तरंजन राणावत आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दुसऱ्या मणक्याच्या देठाच्या मध्यापासून ॲटलासच्या पातळीपर्यंतचे अंतर वापरले. ते १३ मिलिमीटरहून कमी झाल्यास कवटी खाली बसली असे समजावे. स्वीडनमधील रेडलुंड-योनेल आणि पेटरसन यांनी १९८४ मध्ये दुसऱ्या मणक्याच्या तळापासून मॅकग्रेगर रेषेपर्यंतचे अंतर घेतले. त्याची किमान मर्यादा पुरुषांसाठी ३४ आणि स्त्रियांसाठी २९ मिलिमीटर. क्लार्क आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मिलिमीटरच सोडून दिले. दुसऱ्या मणक्याचे उभे तीन भाग कल्पून ॲटलासची पुढची कमान कोणत्या भागासमोर आली, एवढेच त्यांनी पाहिले.

येथे एक विलक्षण फसवणूक घडते, आणि तिने अनेक चिकित्सकांना चकवले असणार. कवटी व ॲटलास खाली उतरू लागले की ॲटलासची पुढची कमान दंतप्रवर्धाच्या रुंद पायथ्यासमोर येते. त्यामुळे पुढचे अंतर, म्हणजे १९६० पासून मोजले जाणारे प्रमुख माप, कमी होते. वर्षभरापूर्वी ७ मिलिमीटर असलेले अंतर ४ वर आलेले पाहून रुग्ण सुधारतो आहे असे वाटावे, आणि प्रत्यक्षात दंतप्रवर्ध मेंदूच्या बुडाला टेकत असावा. एकाच मापावर विसंबण्याचा धोका यापेक्षा स्पष्टपणे दिसणे शक्य नाही.

रियू, हिलिब्रँड, बोलमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या सर्व कसोट्या एकत्र पडताळून पाहिल्या. कोणत्याही एका कसोटीची संवेदनशीलता ९० टक्क्यांवर गेली नाही. क्लार्क, रेडलुंड-योनेल आणि राणावत यांच्या तिन्ही कसोट्या लावून त्यांपैकी एक जरी सकारात्मक आली तरी संशय धरला, तेव्हा ती ९४ टक्क्यांपर्यंत पोहोचली. संशय आल्यास एमआरआय किंवा तत्सम तपासणी करावी, हा त्यांचा सल्ला. एमआरआयच्या युगातही साध्या क्ष-किरणावरील रेषांना एवढा विचार द्यावासा वाटला, हे लक्षणीय आहे. प्रत्येक रुग्णाचा एमआरआय करणे श्रीमंत देशांतही व्यवहार्य नव्हते.

वाकड्या हातांमागे लपलेली दुर्बलता

चित्राइतकेच महत्त्व रुग्णाच्या प्रत्यक्ष तपासणीला आहे, आणि येथे रुमेटॉइड संधिवात चिकित्सकाची वेगळीच परीक्षा घेतो. मज्जारज्जूवर दाब येऊ लागला की हातातील वस्तू निसटते, बटण लावता येत नाही, चाल अडखळते. मात्र ज्याची बोटे आधीच वाकडी आणि गुडघे आधीच झिजलेले, त्याच्या बाबतीत ही लक्षणे सांध्यांच्या खात्यावर जमा होतात. रुग्णालाही तसेच वाटते. अनेक वर्षे अंथरुणाशी जखडलेली स्त्री 'आता उभेच राहवत नाही' म्हणते, तेव्हा घरचे आणि डॉक्टर दोघेही गुडघ्यांकडे बोट दाखवतात. मान वाकवताना पाठीतून विजेसारखी चमक जाणे, प्रतिक्षिप्त क्रिया तीव्र होणे, डोक्याच्या मागच्या भागात ठणका लागणे, ही चिन्हे मुद्दाम शोधली तरच सापडतात.

राणावत यांच्या १९७९ च्या लेखाचे दुसरे योगदान या संदर्भात पाहावे लागते. त्यांनी रुग्णांचे मज्जासंस्थेच्या स्थितीनुसार वर्ग पाडले : पहिला, कोणतीही उणीव नसलेला, दुसरा, रुग्णाला दुर्बलता जाणवते आणि प्रतिक्षिप्त क्रिया तीव्र आहेत असा, तिसरा, तपासणीत दुर्बलता सिद्ध होणारा. तिसऱ्याचे दोन उपवर्ग : चालू शकणारा आणि चालू न शकणारा. वर्गीकरण ढोबळ आहे, पण रुग्णालयागणिक बदलणाऱ्या शब्दांऐवजी एक समान भाषा त्याने दिली. मूळचे मध्य प्रदेशातील आणि इंदूरमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलेले हे शल्यविशारद महाराष्ट्रातील वाचकांना वेगळ्या कारणाने आठवतील. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांनीच शस्त्रक्रिया केली होती.

किती सरकले, की किती जागा उरली?

या इतिहासातील निर्णायक वळण १९९३ मध्ये आले. बोडेन, डॉज, बोलमन आणि रेक्टिन यांनी ७३ रुग्णांचा सरासरी सात वर्षे केलेला पाठपुरावा प्रसिद्ध केला. या काळात ४२ जणांमध्ये पक्षाघाताची लक्षणे उद्भवली होती. तीन दशके मोजले गेलेले पुढचे अंतर पक्षाघाताशी जुळते का, हे त्यांनी पाहिले. ते जुळले नाही. जुळले ते मागचे अंतर, म्हणजे दंतप्रवर्धाचा मागचा पृष्ठभाग आणि ॲटलासची मागची कमान यांमधील, मज्जारज्जूसाठी उरलेली जागा. ती १४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असणे हे धोक्याचे चिन्ह ठरले. शस्त्रक्रियेनंतर कोण सुधारेल हेही याच जागेवरून सांगता येत होते. पक्षाघातानंतर ती १० मिलिमीटरहून कमी असलेल्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाली नाही.

१४ या आकड्यामागे साधा हिशेब आहे. या पातळीवर मज्जारज्जूची जाडी सुमारे १० मिलिमीटर. त्याच्या पुढे आणि मागे आवरणाला व द्रवाला प्रत्येकी सुमारे २ मिलिमीटर. त्याखाली गेल्यास चिमटा बसणारच. हावर्ड स्टील यांनी १९६८ मध्येच ॲटलासच्या कड्यातील जागेचे तीन समान भाग कल्पिले होते : एक दंतप्रवर्धाचा, एक मज्जारज्जूचा, एक मोकळा. म्हणजे जागेचा विचार उपलब्ध होता. रुमेटॉइड मानेला तो लावून पाहायला पंचवीस वर्षे गेली. ज्यांच्या कण्याची नळी जन्मतः रुंद, त्यांचा ॲटलास बराच सरकला तरी निभावते. ज्यांची अरुंद, त्यांना थोडे सरकणेही महागात पडते. १९६० च्या दशकातील कोड्याचे बरेचसे उत्तर यात मिळते.

बोडेन आणि सहकाऱ्यांचे माप साध्या क्ष-किरणावरचेच होते, ही गोष्ट अधोरेखित करण्यासारखी आहे. त्याच चित्रावर, त्याच मोजपट्टीने, दंतप्रवर्धाच्या पुढे मोजण्याऐवजी मागे मोजायचे होते. एमआरआयने या विचाराला पूरक पुरावा दिला. क्ष-किरणात न दिसणारा पॅनस त्यात दिसतो आणि हाडाहाडांमधील १४ मिलिमीटरपैकी काही जागा त्यानेच व्यापलेली असू शकते. बुंडशुह आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मेंदूचे बूड आणि मज्जारज्जू यांतील कोन १३५ अंशांखाली गेल्यास दाबाची शक्यता दाखवली. द्वोराक आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मान वाकवलेल्या स्थितीत एमआरआय घेऊन मज्जारज्जूची जाडी मोजली. वाकवण्याचा धडा येथेही पुन्हा गिरवावा लागला.

वेळेचा प्रश्न लंडनच्या केसी, क्रोकार्ड आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उपस्थित केला. चालण्याची शक्ती गमावलेल्या रुग्णांवर केलेली शस्त्रक्रिया फार मोठी आणि फार उशिरा तर होत नाही ना, असा प्रश्न त्यांनी लेखाच्या शीर्षकातच विचारला. चालू शकणाऱ्यांच्या तुलनेत अशा रुग्णांचे आयुर्मान आणि सुधारणा दोन्ही निराशाजनक होती. यानंतर तपासणीचा हेतूच बदलला. पक्षाघात झाला की नाही हे ठरवण्यापेक्षा तो होण्याआधीचा काळ ओळखणे हे तिचे काम ठरले.

मुंबई, भिगवण आणि शस्त्रक्रियागृह

भारतात ॲटलास निखळण्याची जन्मजात आणि क्षयजन्य कारणे दीर्घकाळ अधिक ठळक राहिली; रुमेटॉइड मान त्या छायेत होती. रोगाचा प्रसार मात्र नगण्य नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण पाहणीत प्रौढांमध्ये रुमेटॉइड संधिवाताचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के आढळले. दर दोनशे प्रौढांमागे एक, असा त्याचा अर्थ होतो.

शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात मुंबईचे योगदान जागतिक आहे. केईएम रुग्णालय आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील अतुल गोयल आणि लाहेरी यांनी १९९४ मध्ये ॲटलास व ॲक्सिस यांच्या बाजूच्या भागांत स्क्रू बसवून पट्टीने सांधा स्थिर करण्याचे तंत्र प्रसिद्ध केले. जर्मनीतील हार्म्स आणि मेल्शर यांनी २००१ मध्ये त्याचे वेगळे रूप मांडले. गोयल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हेच तत्त्व रुमेटॉइड संधिवातात खाली बसलेल्या कवटीला लावले. झिजलेले सांधे उघडून, त्यांत आधार भरून उंची परत मिळवायची, अशी ती पद्धत होय. पूर्वी अशा वेळी तोंडातून शिरून दंतप्रवर्ध काढून टाकण्याकडे कल असे. तपासणीच्या दृष्टीने याचा परिणाम असा झाला की, मधल्या सुळक्याइतकेच बाजूच्या सांध्यांकडे पाहणे आवश्यक ठरले. सीटी स्कॅनच्या उभ्या छेदांत ते उत्तम दिसतात. सांधा स्थिर केल्यावर पॅनस पुष्कळदा आपोआप आटतो, हे निरीक्षणही याच काळात अनेक केंद्रांतून पुढे आले.

मानेशी संबंध नसलेल्या शस्त्रक्रियेतही ही तपासणी जिवाशी निगडित असते. रुमेटॉइड रुग्ण गुडघा किंवा खुबा बदलण्यासाठी येतो. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी मान हलवावी लागते, आणि स्नायू शिथिल झाल्यामुळे जागेपणी मिळणारे संरक्षण नाहीसे झालेले असते. मानेची तक्रार नसलेल्या रुग्णाचाही ॲटलास सैल असू शकतो. म्हणून दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णाचे, शस्त्रक्रियेपूर्वी, मान वाकवून आणि मागे नेऊन बाजूचे क्ष-किरणचित्र घेण्याचा आग्रह भूलतज्ज्ञ धरतात. ही वाकवण्याची क्रिया रुग्णाने स्वतः, दुखेल तेथे थांबत करावयाची असते. दुसऱ्याने जोर लावायचा नसतो.

औषधोपचारांनी या इतिहासाची पार्श्वभूमी बदलली आहे. लंडनच्या विनफिल्ड आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये आजाराच्या आरंभापासून १०० रुग्णांचा मागोवा घेऊन दाखवले होते की, हातांची हाडे ज्यांची वेगाने कुरतडली जातात त्यांचीच मानही सरकते. म्हणजे हाताचे चित्र मानेचा इशारा देते. फिनलंडमधील नेव्हा आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये असे मांडले की, सुरुवातीपासून एकाहून अधिक औषधे एकत्र दिल्यास ॲटलास सरकण्याची प्रक्रिया मंदावते. मेथोट्रेक्सेटचा लवकर वापर आणि १९९८ पासून उपलब्ध झालेली जैविक औषधे यांमुळे नव्या रुग्णांमध्ये गंभीर बिघाड पूर्वीपेक्षा कमी दिसतो. मात्र ही औषधे सुरू होण्यापूर्वीच ज्यांचा अस्थिबंध सैल झाला आहे, त्यांच्यात बिघाड पुढे जाऊ शकतो, असे नंतरच्या अभ्यासांतून आढळले आहे. भारतातील अनेक रुग्ण योग्य उपचारापर्यंत कित्येक वर्षांनी पोहोचतात. त्यांच्या बाबतीत वाकवलेल्या मानेचे चित्र आणि दंतप्रवर्धामागच्या जागेचे मोजमाप अजूनही पहिल्याच भेटीत करावे लागते.